लहान पेटींतील फिरती तबकडी

सन २००५ च्या जानेवारी महिन्याच्या ११ तारखेस सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनांत ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनीं एक लहानशी पेटी लोकांसमोर धरली. साडेसहा इंच लांब, तितकीच रुंद आणि दोन इंच उंच. वजन दीड किलोहूनहि कमी. बैठकींत ती पानाच्या डब्याजागीं ठेवली असती तर एखाद्या पाहुण्यानें झांकण उघडण्यासाठीं सहज हात पुढें केला असता. तिच्यासोबत पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता, माउसहि नव्हता. हीं उपकरणें ज्याचीं त्यानें आणावीं किंवा घरीं असलेलीं जोडावीं अशी योजना होती. किंमत ४९९ डॉलर. या संगणकाचें नांव मॅक मिनी.

पेटी लहान करावयाची म्हणजे तिच्या आंतील प्रत्येक वस्तु लहान करावी लागते. टेबलावरच्या मोठ्या संगणकांत बसणारी साडेतीन इंची हार्ड डिस्क येथें मावण्यासारखी नव्हती. म्हणून मांडीवर घेऊन वापरावयाच्या संगणकांसाठीं तयार होणारी अडीच इंची डिस्क तिच्यांत बसविण्यांत आली. ही डिस्क मिनिटाला ४२०० फेरे घेई; मोठ्या संगणकांतील तिची थोरली बहीण त्याच मिनिटांत बहुधा ७२०० फेरे घेत असे. पेटीला कान लावल्यास आंतून मंद घरघर आणि मधूनमधून टकटक ऐकूं येई. संगणक सुरू करून माणूस चहाचें आधण ठेवून आला तरी ती टकटक चालूच असावयाची. दोष आकडेमोड करणाऱ्या प्रोसेसरचा नव्हता. तो बिचारा बहुतेक वेळ हात जोडून वाट पाहत उभा असे.

पुढील दहा-बारा वर्षांत या आणि अशाच दुसऱ्या लहान संगणकांच्या मालकांनीं ती फिरती तबकडी स्वतःच्या हातांनीं बाहेर काढली आणि तिच्या जागीं, किंवा तिच्या शेजारीं, एकहि हलता भाग नसलेली सॉलिड-स्टेट ड्राइव्ह बसविली. लोक तिला थोडक्यांत एसएसडी म्हणतात. घरच्या माणसानें घरच्या टेबलावर, एका स्क्रू-ड्रायव्हरच्या साहाय्यानें केलेली इतकी गुणकारी सुधारणा संगणकाच्या इतिहासांत दुसरी क्वचितच सांपडेल. ती शक्य कशी झाली आणि पुढें ती वाट कशी बुजत गेली, हा वृत्तांत मोठा उद्बोधक आहे.

त्या टकटकीचा उगम शोधूं गेल्यास सन १९५६ पर्यंत मागें जावें लागतें. कॅलिफोर्नियांतील सॅन होजे शहरीं आय्. बी. एम्. कंपनीची एक प्रयोगशाळा होती. तिचे प्रमुख रेनल्ड जॉन्सन हे पूर्वाश्रमीचे शाळामास्तर. पेन्सिलीच्या खुणांवरून उत्तरपत्रिका तपासणारें एक यंत्र त्यांनीं मास्तरकींत असतांना शोधून काढलें होतें. कंपनीनें यंत्र विकत घेतलें आणि मास्तरांनाहि नोकरीस ठेवलें. त्या काळीं संगणकाची माहिती भोंकें पाडलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर ठेवीत. फितीवरची एक नोंद पाहिजे असली तर तिच्या आधींची सारी फीत गुंडाळीत पुढें जावें लागे. जॉन्सन यांच्या सहकाऱ्यांनीं चुंबकीय लेप दिलेल्या, दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका उभ्या दांड्यावर चढविल्या, त्या मिनिटास १२०० फेऱ्यांनीं फिरविल्या आणि वाचणारा हात पाहिजे त्या तबकडीवर पाहिजे तेथें नेऊन ठेवण्याची युक्ति काढली. रॅमॅक नांवाच्या संगणकाचा हा भाग वजनानें एक टनाच्या घरांत होता आणि त्यांत ५० लाख अक्षरें मावत. पहिल्या गिऱ्हाइकांपैकीं झेलरबाख ही कागदाची पेढी सॅन फ्रान्सिस्कोचीच.

ग्रामोफोनची तबकडी पाहिलेल्या माणसास ही रचना समजावयास अडचण पडत नाहीं. फरक इतकाच कीं ग्रामोफोनची सुई तबकडीला टेंकते आणि येथील वाचक टोंक तिच्यावर हवेच्या अत्यंत पातळ थरावर तरंगतें. पुढील पन्नास वर्षें या यंत्राचा इतिहास म्हणजे आकसण्याचा इतिहास आहे. सन १९७३ मध्यें आय्. बी. एम्.नें तबकड्या आणि वाचक टोंकें एकाच बंद डब्यांत घातलीं. सन १९८० मध्यें सीगेट कंपनीनें सव्वापांच इंची डिस्क काढली. सन १९८३ मध्यें स्कॉटलंडांतील रोडाइमनें साडेतीन इंची. आणि सन १९८८ मध्यें प्रेअरीटेक नांवाच्या अमेरिकन कंपनीनें अडीच इंची. प्रत्येक पायरीस तबकडी लहान झाली आणि तिच्यावर मावणारी माहिती अफाट वाढली. एका टनांत ५० लाख अक्षरें मावत होतीं, त्याच्या सुमारें दहा हजारपट माहिती मॅक मिनींतील तळहाताएवढ्या डिस्कवर राहूं लागली.

परंतु एक गोष्ट त्या मानानें फारशी सुधारली नाहीं. रॅमॅकमधील एखादी नोंद सांपडावयास सरासरी सहा-दशांश सेकंद लागे. मिनींतील डिस्कला त्याच कामीं सेकंदाचा सुमारें पन्नासावा भाग लागे. म्हणजे संग्रह दहा हजारपट वाढला असतां वेग वाढला तो केवळ तीसपट! कारण अगदीं साधें आहे. मिनिटाला ४२०० म्हणजे सेकंदाला ७० फेरे. पाहिजे तो भाग वाचक टोंकाखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा तरी थांबावें लागतें, आणि त्याच्या आधीं टोंक त्या वर्तुळावर नेण्यास आणखी वेळ जातो. हा काळ हाताच्या जडत्वानें आणि तबकडीच्या फिरण्यानें ठरलेला. त्यांत हिशेबी हुशारीला फारसा वाव नाहीं. सेकंदाच्या त्या पन्नासाव्या भागांत मिनीच्या प्रोसेसरचे अडीच कोटी ठोके होऊन जात.

पुण्याच्या पेशवे दप्तरांत काम केलेल्या संशोधकांस हा अनुभव निराळ्या रूपानें परिचयाचा आहे. कागद वाचावयास दोन मिनिटें पुरतात. वेळ जातो तो शिपायानें आंत जाऊन योग्य तो रुमाल हुडकून आणण्यांत. एकच मोठी बखर सलग वाचावयाची असेल तर एका खेपेंत काम भागतें. परंतु हजार निरनिराळ्या रुमालांतून एक-एक चिटोरा मागविला तर दिवस मावळतो. संगणक सुरू होतांना नेमकें हेंच करतो: हजारों लहानसहान फायली, विखुरलेल्या जागांवरून, एकामागून एक. चित्रपट पाहतांना जी डिस्क मुळींच मंद वाटत नसे तीच संगणक सुरू होतांना जीव नकोसा करी, तो याच कारणानें.

यावर उपाय म्हणजे न हलणारी स्मृति, आणि तिची कल्पना नवी नव्हती. सन १९७८ मध्यें स्टोरेजटेक या कंपनीनें फिरत्या तबकडीऐवजीं नुसत्या चिपांचा बनविलेला ४५ मेगाबाइटांचा संग्राहक विक्रीस काढला. त्याची किंमत सुमारें चार लाख डॉलर पडे. असला माल मोठ्या पेढ्यांनींच घ्यावा! घरगुती पेटीपर्यंत ही वस्तु पोंचण्यास एका वेगळ्याच जातीच्या चिपची गरज होती: वीज गेल्यावरहि जिची आठवण जात नाहीं, आणि जी स्वस्त करतां येते, अशी.

तिचें बीज सन १९६७ मध्यें बेल प्रयोगशाळेंत रुजलें. दावोन कांग आणि सायमन झी या दोघांनीं ट्रान्झिस्टरच्या पोटांत, चोहोंकडून विद्युत्‌रोधक थरानें वेढलेला एक सूक्ष्म कप्पा ठेवला. बाहेरून जोराचा विद्युत्‌दाब दिला कीं इलेक्ट्रॉन त्या थरांतून आंत शिरतात. दाब काढून घेतला कीं आंतच कोंडून पडतात आणि वर्षानुवर्षें राहतात. कप्पा भरलेला कीं रिकामा, इतक्यावरून एक खूण वाचतां येते. सन १९७१ मध्यें इंटेल कंपनींत डोव्ह फ्रोमन यांनीं या तत्त्वावर पुसतां येणारी स्मृति तयार केली. पण ती पुसावयाची म्हणजे चिप यंत्रांतून उपटून काढून, तिच्या माथ्यावरील स्फटिकाच्या खिडकींतून जंबूपार किरण सोडीत बसावें लागे. विजेनें पुसली जाणारी स्मृतीहि मागाहून निघाली. तींत प्रत्येक अक्षर स्वतंत्र पुसण्याची सोय होती आणि त्या सोयीपायीं ती महाग पडे.

येथें फुजिओ मासुओका यांचें नांव घ्यावयास पाहिजे. जपानांतील ताकासाकी येथें सन १९४३ मध्यें जन्मलेले हे गृहस्थ तोहोकु विश्वविद्यालयांत शिक्षण पुरें करून सन १९७१ मध्यें तोशिबा कंपनींत दाखल झाले. त्यांची सूझ उलट्या दिशेची होती. सुटें अक्षर पुसण्याची सोय त्यांनीं सोडूनच दिली. पुष्कळ कप्प्यांचा एक गट करावा आणि पुसावयाचा तर सबंध गट एकदम पुसावा. असें केलें म्हणजे प्रत्येक कप्प्यामागें लागणारी जागा वांचते, आणि चिपच्या धंद्यांत जागा म्हणजेच पैसा. हें एका झटक्यांत पुसणें पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, आणि त्यावरून या स्मृतीचें नांव फ्लॅश असें पडलें. सन १९८४ च्या डिसेंबरांत सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेंत मासुओका यांनीं ती विद्वानांपुढें मांडली. सन १९८७ मध्यें त्यांनीं तिचा आणखी दाट विणीचा नँड नांवाचा प्रकार प्रसिद्ध केला. एसएसडींत बसतो तो हाच.

शोधाचें श्रेय आणि शोधाचा पैसा हे नेहमींच एका घरीं नांदत नाहींत. फ्लॅश स्मृति बाजारांत जोमानें आणण्याचा मान प्रथम इंटेलनें सन १९८८ मध्यें मिळविला. मासुओका सन १९९४ मध्यें तोशिबा सोडून आपल्या जुन्या विश्वविद्यालयांत अध्यापक झाले. सन २००४ मध्यें त्यांनीं आपल्या शोधाच्या मोबदल्यासाठीं कंपनीवर १०० कोटी येनांची फिर्याद केली. सन २००६ मध्यें ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली. त्याच वर्षीं घरगुती संगणकांत त्यांच्या स्मृतीचा प्रवेश होत होता, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

मधल्या काळांत एक निर्णय असा झाला कीं ज्याचें महत्त्व त्या वेळीं फार थोड्यांच्या ध्यानांत आलें असेल. सन १९८८ मध्यें एली हरारी, जॅक युआन आणि कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा या तिघांनीं कॅलिफोर्नियांत सनडिस्क नांवाची कंपनी काढली. पुढें तिचें नांव सॅनडिस्क झालें. सन १९९१ मध्यें या कंपनीनें आय्. बी. एम्.ला फ्लॅशची २० मेगाबाइटांची ड्राइव्ह विकली, किंमत सुमारें एक हजार डॉलर. तिचा आकार अडीच इंची हार्ड डिस्कचाच ठेवला होता आणि तिची भाषाहि हार्ड डिस्कचीच. संगणक तिला म्हणे, अमक्या वर्तुळावरील अमका भाग दे. आंत वर्तुळ नव्हतें, तबकडी नव्हती, तरी ती मुकाट्यानें तो भाग काढून देई. संगणकाला आपण फसविले गेलों याचा पत्ताच नसे. एसएसडीचें पुढील सारें यश या सोंगावर उभें आहे. जुन्या खोबणींत नवी वस्तु बसली आणि जुन्या केबलवर नवी वस्तु बोलूं लागली, म्हणूनच घरमालकाला ती स्वतःच्या हातानें बदलतां आली.

हें सोंग वठविणें सोपें मात्र नाहीं. फ्लॅश स्मृति म्हणजे अशी पाटी कीं जिच्यावर एक-एक ओळ लिहितां येते, परंतु एक ओळ पुसतां येत नाहीं. पुसावयाची तर सबंध पाटी पुसावी लागते. शिवाय प्रत्येक पुसण्यानिशीं पाटी झिजते. इलेक्ट्रॉन ज्या रोधक थरांतून घुसवावयाचे तो थर दर खेपेस किंचित् दुबळा होतो. एका कप्प्यांत एकच खूण ठेवणारी जुनी जात लाखभर वेळां पुसून घेई. एका कप्प्यांत दोन-तीन खुणा कोंबणाऱ्या पुढील स्वस्त जाती कांहीं हजार वेळांतच थकतात. म्हणून प्रत्येक एसएसडींत चिपांच्या जोडीला एक कारभारी नेमलेला असतो. त्याला कंट्रोलर म्हणतात. मजकूर बदलावयाचा झाला कीं हा कारभारी जुनी ओळ तशीच टाकून देतो, नवी ओळ कोऱ्या पाटीवर लिहितो, आपल्या खातेवहींत नवा पत्ता टिपतो, आणि फावल्या वेळीं टाकाऊ ओळींनीं भरलेल्या पाट्या पुसून ठेवतो. सर्व पाट्या सारख्या झिजाव्या याची काळजीहि त्याच्याकडेच. ड्राइव्हचा गुण चिपांइतकाच या कारभाऱ्यावर अवलंबून असतो. सन २००८ च्या सुमारास बाजारांत आलेल्या कांहीं स्वस्त एसएसडींचे कारभारी इतके मंद होते कीं लहान लहान नोंदी लिहितांना सारा संगणक सेकंद-सेकंदभर तटस्थ होई. नव्या वस्तूची अपकीर्ति व्हावयास असा माल पुरेसा असतो.

सन २००६ मध्यें सॅमसंगनें दोन लहान संगणकांत ३२ गीगाबाइटांची एसएसडी घालून ते विकले. सन २००८ च्या जानेवारींत ॲपलनें मॅकबुक एअर काढला, तेव्हां तबकडीऐवजीं ६४ गीगाबाइटांची एसएसडी पाहिजे असल्यास ९९९ डॉलर जादा द्यावे लागत. म्हणजे केवळ या एका भागाच्या वाढाव्यांत, सन २००५ च्या भावानें, दोन मॅक मिनी आल्या असत्या. त्याच वर्षीं सप्टेंबरांत इंटेलची ८० गीगाबाइटांची ड्राइव्ह ५९५ डॉलरांस निघाली. तिचा कारभारी हुशार होता, आणि तिच्यापासून एसएसडीविषयींचें मत पालटूं लागलें.

सन २०११ च्या पावसाळ्यांत थायलंडांत महापूर आला. जगांतील हार्ड डिस्कच्या कारखान्यांपैकीं मोठा भाग त्या देशांत. ऑक्टोबरांत वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्याखालीं गेला आणि डिस्कचे भाव एकाएकीं चढले. इकडे फ्लॅशचे भाव उतरतच होते. सन २०१२ च्या मध्यास एसएसडी गीगाबाइटमागें एक डॉलरच्या आसपास मिळूं लागली. सामान्य माणसानें खिशांत हात घालावा असा हा क्षण होता.

आतां पुन्हां त्या लहान पेटीकडे वळावयास हरकत नाहीं. पहिल्या मिनीला बाहेरून एकहि स्क्रू नव्हता. रंगारी भिंतीला लांबी भरण्यासाठीं वापरतात तसली पातळ पोलादी पट्टी तळाच्या फटींत सारून आंतले आंकडे सोडवावे लागत. प्लॅस्टिक असें कडाडे कीं नवख्याची छाती दडपावी. पण दुरुस्तीच्या दुकानांतील कारागीरहि हीच पट्टी वापरीत. सन २००६ पासून या पेटींत साटा नांवाची नवी जोडणी आली. हीच जोडणी पुढें बहुतेक अडीच इंची एसएसडींस मिळाली, त्यामुळें केवळ तबकडी उचलून तिच्या जागीं एसएसडी ठेवणें एवढेंच काम उरलें. सन २०१० मध्यें पेटीचें रूप पालटलें. ती ॲल्युमिनियमची, रुंद आणि बसकी झाली, आणि तिच्या तळाशीं अंगठ्यांनीं फिरवून उघडणारें गोल झांकण आलें. पुढील वर्षीं तींतून सीडी-डीव्हीडीचें यंत्र काढून टाकण्यांत आलें, आणि आंत दुसऱ्या ड्राइव्हपुरती जागा मोकळी झाली.

ही मोकळी जागा म्हणजे मालकांना मोठेंच आमंत्रण होतें. जुनी तबकडी चित्रें, गाणीं, कागदपत्रें यांच्यासाठीं तशीच राहूं द्यावी आणि शेजारीं संगणकाची मूळ प्रणाली ठेवण्यापुरती लहान एसएसडी बसवावी, हा बेत कमी खर्चाचा होता. तो तडीस नेणें मात्र धीराचें काम. झांकण, मग पंखा, मग हवेला वाट देणारें प्लॅस्टिकचें आवरण, मग अँटेनाची जाळी, असें एक-एक उतरवावें. बारीक चांदणीसारख्या डोक्याचे स्क्रू ज्या क्रमानें निघतील त्या क्रमानें कागदावर मांडून ठेवावे. नंतर मदरबोर्डच्या दोन भोंकांत दोन सळया घालून तो अलगद मागें ओढावा. याच वेळीं रिमोटचे किरण टिपणाऱ्या भागाची केंसासारखी बारीक केबल आडवी येई. ती ओढली गेली तर तिची खांच बोर्डावरून सबंध उपटून येई, आणि पुष्कळांच्या हातून ती उपटलीहि. दुसऱ्या ड्राइव्हसाठीं वेगळी केबल आणि रबराच्या लहान गुंड्या लागत. त्यांचे जुडगे बांधून विकणारे व्यापारी लौकरच निघाले. एका दुपारचें काम.

फळ मात्र तसेंच मिळे. मिनिटाहून अधिक काळ रेंगाळणारा संगणक पंधरा-वीस सेकंदांत कामास उभा राही. प्रोसेसर तोच, पडदा तोच, वर्षें तितकींच झालेलीं. पण टाकून देण्याच्या लायकीचें वाटणारें यंत्र आणखी चार-पांच वर्षें सुखानें चाले. ही गोष्ट एका कंपनीच्या पेटीपुरती नव्हती. कचेऱ्यांतले, शाळांतले, घरांतले असंख्य जुने संगणक या एका बदलानें वांचले. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, जेथें एके काळीं रेडिओचे सुटे भाग मिळत आणि पुढें संगणकाचे मिळूं लागले, तेथून अडीच इंची एसएसडी आणून जुन्या संगणकांत घालणें हा मध्यम स्थितींतील कुटुंबांचा नित्याचा व्यवहार होऊन बसला. नव्या संगणकाच्या किंमतीच्या लहानशा हिश्श्यांत काम भागे.

कंपनीनेंहि हा मार्ग ओळखला होता. सन २०१२ च्या ऑक्टोबरांत तिनें १२८ गीगाबाइटांची फ्लॅश आणि एक टेराबाइटाची तबकडी यांची सांगड घालून, संगणकाला दोहोंची मिळून एकच ड्राइव्ह भासावी अशी योजना विक्रीस आणली आणि तिला फ्यूजन ड्राइव्ह असें नांव दिलें. मौज अशी कीं ही सांगड संगणकाच्या प्रणालींतच दडलेली होती. जुन्या मिनींत दोन ड्राइव्ह बसविलेल्या लोकांनीं थोड्याच दिवसांत कांहीं आज्ञा टंकून ती आपल्या घरीं साधली. तींत एक धोकाहि होता: दोहोंपैकीं एक निकामी झाली तर दोहोंवरील सर्व मजकूर जाई.

दुसऱ्या एका बाबतींत मात्र घरमालकाला सापत्नभावानें वागविलें गेलें. मालकानें एखादी फाईल पुसली तर ती जागा आतां रिकामी समजावी, अशी सूचना संगणकानें एसएसडीच्या कारभाऱ्यास द्यावी लागते. नाहीं तर तो बिचारा टाकाऊ मजकूरहि जपून ठेवीत बसतो आणि विनाकारण झिजतो. विंडोजनें ही सूचना सन २००९ पासून सर्वांना दिली. ॲपलच्या प्रणालीनें ती प्रथम केवळ कंपनीनेंच बसविलेल्या ड्राइव्हना दिली; बाजारांतून आणून घातलेल्या ड्राइव्हसाठीं अधिकृत आज्ञा मिळावयास सन २०१५ उजाडलें. सुरक्षिततेचीं कारणें पुढें करतां येतील, आणि कांहीं ड्राइव्ह ही सूचना नीट पाळीत नसत हेंहि खरें. तथापि सहा वर्षांचा विलंब हा काळजीपेक्षां अनास्थेकडे अधिक झुकतो.

सन २०१४ च्या मिनींत गोल झांकणाखालीं जाळी आली आणि तिला सहजीं न मिळणाऱ्या हत्यारानेंच निघणारे स्क्रू आले. तात्पुरती स्मृति तर बोर्डावर झाळूनच टाकली होती. तरीहि तींत फ्लॅशसाठीं एक वेगवान खांच होती. जिज्ञासूंनीं तिची चिंचोळी केबल पैदा केली, मध्यें एक जोडपट्टी घातली, आणि सन २०१७ च्या प्रणालीनें सर्वसाधारण एनव्हीएमई ड्राइव्ह ओळखावयास आरंभ केल्यावर तेथेंहि बाजारचा माल बसविला. सन २०१८ मध्यें मात्र फ्लॅशच्या चिपाच बोर्डावर झाळल्या गेल्या. या बदलाची दुसरी बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. साटा जोडणीचा वेग सेकंदाला साडेपांचशें मेगाबाइटांपाशीं थबकतो; तो उंबरठा नव्या रचनेनें कितीतरी मागें टाकला. मजकूर आपोआप गूढ लिपींत ठेवण्याची सोयहि बोर्डावरील स्वतंत्र चिपनें केली. पण खरेदीच्या दिवशीं जितकें गीगाबाइट घेतलें तितक्यावर संगणकाचा जन्म काढावयाचा, आणि कंपनी जो भाव सांगेल तो द्यावयाचा. त्याहून कठीण गोष्ट पुढची. पूर्वीं बोर्ड जळला तरी तबकडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडतां येई आणि घरचे फोटो परत मिळत. आतां बोर्ड गेला कीं त्याच्याबरोबर सारेंच जातें. ज्या घरांत दुसरी प्रत ठेवण्याची संवय नाहीं तेथें हा फरक एकदांच कळतो, आणि फार उशिरां कळतो.

सर्वांनींच ही वाट धरली असें नाहीं. इंटेलनें सन २०१३ च्या सुमारास नक नांवाच्या, मिनीहूनहि लहान पेट्या काढल्या. त्या चार स्क्रूंवर उघडत आणि आंतील ड्राइव्ह मालकानेंच आणून घालावयाची असे. पुढें त्यांत बावीस मिलिमीटर रुंद आणि ऐंशीं मिलिमीटर लांब, फुटपट्टीच्या तुकड्यासारखी एम्-टू जातीची ड्राइव्ह एकाच स्क्रूनें बसूं लागली. सन २०२३ मध्यें ती पेटी इंटेलनें असूस कंपनीच्या हवालीं केली, पण आंतील मोकळेपणा टिकला.

आणि सन २०२४ च्या ऑक्टोबरांत मॅक मिनी पुन्हां लहान झाली: पांच इंच लांब, पांच इंच रुंद, दोन इंच उंच. ती उघडणाऱ्यांस आंत एक अनपेक्षित वस्तु दिसली. फ्लॅशच्या चिपा सोल्डरनें झाळलेल्या नसून एका सुट्या पट्टीवर, खांचेंत बसविलेल्या होत्या. मात्र ही पट्टी म्हणजे संपूर्ण एसएसडी नव्हे. तिच्यावर पाट्या आहेत, कारभारी नाहीं. तो प्रोसेसरच्या पोटांत राहतो. त्यामुळें बाजारांतील कोणतीहि एम्-टू ड्राइव्ह तेथें चालत नाहीं, आणि योग्य पट्टी बसविली तरी दुसरा मॅक केबलनें जोडून सारी प्रणाली नव्यानें भरल्याखेरीज पेटी जागी होत नाहीं. तरीहि कांहीं स्वतंत्र कारागिरांनीं त्या पट्टीचा नकाशा उलगडून, कोऱ्या चिपा झाळून, अधिक संग्रहाच्या पट्ट्या तयार केल्या आणि त्या मिनींत चालवून दाखविल्या.